प्शेमिश्लला गाडी बदलताना

मिरज जंक्शनला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या. तिथं नोकरी केलेल्या माणसाला पोलंडमधलं, युक्रेनच्या सरहद्दीजवळचं प्शेमिश्ल स्टेशन समजायला वेळ लागत नाही. मुलगी क्राकोला असते, त्यामुळे माझं तिकडे जाणं-येणं असतं आणि ओळखीपाळखीतले लोक तिथं गाडी कशी बदलायची ते मलाच विचारतात. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

क्राकोहून पीकेपी इंटरसिटीची गाडी साधारण तीन तासांत पोचवते. पोलरेजिओची पॅसेंजर स्वस्त पडते, पण एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. तिकीट काढताना हे बघा, नाहीतर डब्यातच दंड भरावा लागेल. उतरायचं ते ‘ग्वूव्ने’ला, म्हणजे मुख्य स्टेशनला. त्याच्या अलीकडे ‘प्शेमिश्ल झासानिये’ लागतं. पाटीवर प्शेमिश्ल वाचून लोक बॅगा घेऊन तिथंच उतरतात. सान नदीचा लोखंडी पूल ओलांडेपर्यंत जागेवरून उठू नका.

हा पूल नीट बघा. सप्टेंबर 1939 नंतर नदीच्या अलीकडचं झासानिये जर्मनांकडे होतं आणि पलीकडचं जुनं गाव, मुख्य स्टेशनसकट, सोव्हिएतांकडे. 1941च्या जूनपर्यंत एकाच गावातून अशी सरहद्द गेलेली होती. सोव्हिएतांनी घेतलेल्या त्या पूर्वेकडच्या मुलखातून 1940 मध्ये पोलिश कुटुंबं मालडब्यांत भरून सायबेरियाकडे धाडली. त्यांतली काही पुढे इराणमार्गे आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आली आणि 1948 पर्यंत राहिली.

आता स्टेशन. क्राकोकडून रेल्वे इथं 1860 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ल्विव्हपर्यंत, म्हणजे आजच्या युक्रेनात, गेली. मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाचा, कंपनी आर्चड्यूक कार्ल लुडविगच्या नावाची. आजचं रूप 1895च्या सुमाराचं. नक्षीदार छत, भिंतींवर चित्रं, झुंबरं, आणि खाली तिकिटाच्या खिडक्या. गाडीला अवकाश असेल तर मोबाइल खिशात ठेवून मान वर करा.

वेळापत्रकाचे दोन कागद लावलेले असतात. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. घाईत पांढरा वाचला की पंचाईत. बोर्डावर ‘पेरोन’ आणि ‘तोर’ असे दोन आकडे दिसतील. पेरोन म्हणजे फलाट, तोर म्हणजे रूळ. एका फलाटाच्या दोन्ही अंगांना रूळ असतात, तेव्हा दोन्ही आकडे लक्षात ठेवा.

युक्रेनच्या गाड्यांचा मामला वेगळा. पोलंडचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1435 मिलिमीटर, युक्रेनचं 1520. फरक अवघा 85 मिलिमीटरचा, आणि तोच नडतो. आपल्याकडे ब्रॉड आणि मीटरगेजमध्ये ऐसपैस अंतर असल्यानं एकाच लाइनीत तिसरा रूळ टाकता यायचा. इथं रुळाचा पायाच त्या फरकाहून रुंद, तिसरा रूळ बसणार कुठं? म्हणून रुंद गेजची वेगळी लाइन थेट स्टेशनात आणली आहे आणि कीव्हची गाडी चाकं न बदलता इथवर येते. या गाडीच्या फलाटावर पासपोर्ट तपासूनच सोडतात. रांग मोठी असते, दीड-दोन तास हाताशी ठेवा. घड्याळही सांभाळा, युक्रेन पोलंडच्या एक तास पुढे.

तिकडून येणार असाल तर लगेचची जोडगाडी अजिबात धरू नका. सरहद्दीवरच्या तपासणीत गाडी किती रखडेल याचा नेम नाही. आणि शेंगेन व्हिसा (पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) सिंगल एंट्रीचा असेल तर एकदा पलीकडे गेलात की त्यावर परत पोलंडात येता येत नाही. हे तिकीट काढायच्या आधी तपासायचं, फलाटावर नव्हे.

फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं आणि या स्टेशनावर सगळा भार आला. 2024च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधानही कीव्हला रेल्वेनंच गेले. युद्धाच्या पहिल्या दिवसांत आपली मेडिकलची पोरं मेदिकाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावरून थंडीत चालत आली आणि अनेकांना पोलंडमधल्याच झेशूव्ह शहरातून विमानानं घरी आणलं. मेदिकाचा नाका गावापासून बारा-चौदा किलोमीटर. मिनीबस स्टेशनाशेजारच्या बसस्थानकाच्या परिसरातून मिळतात. सुटे झ्वोती, म्हणजे पोलंडचे पैसे, जवळ असू द्या.

झेशूव्हचं विमानतळ गाठायचं असेल तर आधी झेशूव्ह ग्वूव्नेला जा, तिथून 2023 पासून विमानतळापर्यंत लोकल आहे. रात्रीच्या प्रवासाची हौस असेल तर ‘प्शेमिश्लानिन’ ही गाडी धरा. पार बाल्टिक समुद्राकाठच्या श्विनोउय्श्चेपर्यंत, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बर्थ मात्र आधीच काढून ठेवा, बसून जाण्याइतका तो प्रवास लहान नाही.