मॅनेजरला शिव्या घालायच्या आधी क्लबचा हिशोब कसा बघायचा

रात्री दीड वाजता मॅच हरल्यावर ग्रुपवर काय सुरू होतं ते सगळ्यांना माहितीये, अमक्यावर 80 मिलियन घातले आणि त्याला साधा क्रॉस टाकता येत नाही, मॅनेजरला हाकला, मालक चोर आहेत वगैरे. घाला शिव्या, माझं काही म्हणणं नाही, मी मँचेस्टर युनायटेडवाला आहे त्यामुळे माझा तर तो हक्कच आहे. फक्त शिवी नेमकी कुणाच्या नावाने घालायची हे ठरवायला थोडा हिशोब बघावा लागतो, आणि त्यासाठी सीए असायची काही गरज नाही.

पहिलं काम म्हणजे बातमीतली फी (प्लेयर घ्यायला दुसऱ्या क्लबला दिलेली किंमत) बाजूला ठेवा आणि करार किती वर्षांचा आहे ते शोधा. क्लबच्या वहीत फी एका दमात खर्चात पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते, कारखान्यातल्या मशीनवर दरवर्षी घसारा लावतात तशी. आमचा प्लेयर अँटनी घ्या. 2022 ला हॉलंडच्या आयाक्स क्लबकडून साधारण 80 मिलियन पाउंडाला आला, करार पाच वर्षांचा, म्हणजे वर्षाला 16 मिलियन. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरली 32, आणि तेव्हा कुणी 20 च देत असेल तर वरचा 12 चा खड्डा त्याच वर्षाच्या हिशोबात दाखवावा लागतो. त्यामुळे "मिळेल त्या भावात विका एकदाचा" हे आपल्याला म्हणायला सोपं, क्लब आधी लोनवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या क्लबात, पाठवतो, तिकडे खेळला की जरा भाव येतो. झालंही तसंच, जानेवारी 2025 ला स्पेनच्या बेटिसला गेला, त्यांच्याबरोबर युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची फायनल खेळला आणि सप्टेंबरात त्यांनीच 22 मिलियन युरोच्या आसपास देऊन घेतला.

हेच गणित चेल्सीने उलटं वापरलं. एन्झो फर्नांडेझ जानेवारी 2023 ला 106.8 मिलियनला, करार साडेआठ वर्षांचा! लोक हसले, पण भागाकार करून बघा, वर्षाला साडेबारा मिलियन पडतात, पाच वर्षांचा करार असता तर एकवीसच्या वर गेले असते. मग त्याच वर्षी आधी युएफा (युरोपची फुटबॉल संघटना) आणि नंतर डिसेंबरात प्रीमियर लीगने नियम केला की करार कितीही मोठा करा, फी जास्तीत जास्त पाच वर्षांतच वाटायची. तरी एक आहे, प्लेयर फ्लॉप गेला तर आठ वर्षं पगार द्यायचाच आहे, ते कुठल्या वहीने टळत नाही.

आता सगळ्यात जास्त जळतं तो भाग, ॲकॅडमीची, म्हणजे क्लबने लहानपणापासून घडवलेली पोरं. घरच्या पोराची वहीतली किंमत जवळपास शून्य, त्यामुळे विकला की आलेला सगळा पैसा सरळ नफा. चेल्सीने मेसन माउंट आम्हाला 55 मिलियनला विकला तो सगळाच्या सगळा नफा. आणि आम्ही काय केलं, तर 2024 ला मॅक्टॉमिने इटलीच्या नापोलीला दिला, पाच वर्षांचा असल्यापासून क्लबमधे असलेला माणूस, साधारण 25 मिलियनला. मे 2025 मधे शेवटच्या मॅचला काल्यारीसमोर हवेत आडवा होऊन त्याने जो गोल मारला तो बघा एकदा, उजवीकडून क्रॉस आला, बॉल त्याच्या थोडा मागे होता, त्याने अंग टाकलं आणि कात्रीसारखा पाय फिरवून आत घातला. नापोलीला लीग मिळाली आणि हा सीझनचा बेस्ट प्लेयर ठरला. तर अशी विक्री दिसली की "मॅनेजरला फुटबॉल कळत नाही" एवढ्यावर थांबू नका, त्या वर्षी क्लबला नफा कशासाठी दाखवायचा होता ते विचारा.

तो दाखवावा लागायचा पीएसआरमुळे, म्हणजे क्लबचा तोटा मर्यादेत ठेवायच्या नियमामुळे. प्रीमियर लीगमधे 2025-26 च्या सीझनपर्यंत तीन वर्षांत मिळून 105 मिलियनपर्यंत तोटा चालायचा, स्टेडियम, ॲकॅडमी आणि बायकांच्या टीमवरचा खर्च त्यात धरत नसत. (2026-27 च्या सीझनपासून नियम वेगळा, मिळकतीच्या 85 टक्क्यांपर्यंतच टीमवर खर्च करायचा.) मोडला तर काय होतं ते एव्हर्टनला विचारा, नोव्हेंबर 2023 ला 10 पॉइंट कापले, अपिलात 6 झाले आणि एप्रिलमधे परत 2 गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टची केस तर वाचण्यासारखी आहे. त्यांचं वर्ष 30 जूनला संपत होतं, ब्रेनन जॉन्सन त्यांचा ॲकॅडमीचा पोरगा, ते म्हणाले आत्ता विकला तर कमी पैसे येतील, थांबतो, आणि 1 सप्टेंबर 2023 ला स्पर्सला (टॉटनहॅम) 47.5 मिलियनला विकला. धंदा म्हणून बरोबरच की, पण पैसा पुढच्या वर्षात गेला आणि 4 पॉइंट कापले. आता यात प्लेयरचा काय दोष, मॅनेजरचा काय दोष, सांगा!

हे सगळं बघायचं कुठे, तर इंग्लंडच्या क्लबांचं कंपनीज हाउसच्या (तिकडचं कंपन्यांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) साइटवर फुकट मिळतं, क्लबचं नाव टाका, फायलिंग हिस्ट्रीत जा, अकाउंट्सची पीडीएफ उतरवा. शंभर पानं बघून घाबरू नका, एकूण मिळकत, एकूण पगार, प्लेयर विकून झालेला नफा आणि शेवटची नोट ज्यात वर्ष संपल्यावर कोण आला कोण गेला ते लिहिलेलं असतं, एवढं पुरतं. पगार मिळकतीच्या किती टक्के आहे ते काढा, सत्तरच्या वर असेल तर पुढच्या विंडोत (प्लेयर घ्यायच्या-विकायच्या ठरलेल्या मुदतीत) फार आशा लावू नका. एकेका प्लेयरचा पगार मात्र त्यात नसतो, त्यामुळे "हा आठवड्याला 3 लाख घेतो" हे आकडे पेपरवाल्यांचे, आणि तेही टॅक्स कापायच्या आधीचे. आपल्याकडे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) क्लबांच्या कंपन्यांची कागदं बघायची तर सरकारी पोर्टलवर पैसे भरावे लागतात, म्हणून आपले वाद जास्त करून हवेतच होतात.

मॅनेजरच्या बाबतीत दोनच गोष्टी बघा, प्लेयर कुणी मागितला होता आणि हाकलायला किती पडणार. आमचा तेव्हाचा मॅनेजर टेन हाग, त्याला अँटनीसाठी शिव्या घाला, बिनधास्त, अँटनी त्याचाच आयाक्सचा माणूस. पण मे 2024 ला मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला म्हणून जुलैत करार वाढवला, समरमधे त्याच्या हातात नवीन प्लेयर दिले आणि ऑक्टोबरात काढून टाकला, त्याला आणि त्याच्या स्टाफला द्यायला 10 मिलियनच्या वर गेले, ही शिवी वर बसलेल्यांच्या खात्यात टाका.

आणि विंडोचे शेवटचे दिवस बघता तसा जूनचा शेवटचा आठवडा पण बघायला शिका, बऱ्याच क्लबांचं वर्ष तेव्हाच संपतं, त्यामुळे तेव्हा विकलं की नफा त्याच वर्षात दाखवता येतो. 2024 ला ॲस्टन व्हिलाने केलीमन चेल्सीला 19 मिलियनला दिला आणि चेल्सीने माटसेन व्हिलाला 37.5 ला, इरोएगबुनाम व्हिलाकडून एव्हर्टनला गेला आणि डॉबिन एव्हर्टनकडून व्हिलाला, न्यूकासलने अँडरसन फॉरेस्टला दिला आणि फॉरेस्टचा गोलकीपर व्लाखोडिमॉस घेतला. नावं ओळखीची नसली तरी कुठल्या क्लबने कुणाला किती तारखेला विकलं ते लिहून ठेवा, ऑगस्टमधे तोच क्लब अचानक 60 मिलियनची बोली लावेल तेव्हा ग्रुपवर "यांच्याकडे पैसा आला कुठून" असं कुणीतरी विचारतंच.