नेत्यांबद्दलचं आपलं मत तीस वर्षं टिकवायचं असेल तर

नरसिंह राव रामटेकहून लोकसभेवर निवडून यायचे, तेव्हापासून मी नागपुरात राजकारणावर वाद घालतेय. माझ्या मते इतकं मोठं काम करून इतकं कमी श्रेय दुसऱ्या कुठल्याच पंतप्रधानाच्या वाट्याला आलं नाही. ६ डिसेंबर १९९२ मात्र त्यांच्या नावावरून पुसता येत नाही, हेही तितकंच खरं. पण १९९१ साली माझं मत काय होतं, हे वहीत लिहिलंय म्हणून कळतं. नाहीतर मी पहिल्यापासून त्यांच्याच बाजूची होते, असं शपथेवर सांगितलं असतं!

आता वहीच्या जागी कॉम्प्युटर आलाय. प्रत्येक घटनेचा एक फोल्डर करायचा आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहायचा: ‘२०१६-११-०८-नोटाबंदी’. म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. आत मूळ भाषण आणि आपलं मत, दोन्ही वेगवेगळ्या फाइलींत. संसदेतली भाषणं असतील तर अधिकृत इतिवृत्त संसदेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. जाहीरनामे प्रचार चालू असतानाच उतरवा, नंतर शोधत बसावं लागतं. व्हॉट्सॲपवरचा तुकडा ठेवायचाच असेल तर फाइलीच्या नावातच ‘अर्धवट’ लिहा.

मताची फाइल तीन ओळींची पुरे: मला काय वाटतं, का वाटतं, आणि काय घडलं तर मी मत बदलेन. ही तिसरी ओळ लोक टाळतात. नोटाबंदीच्या रात्री मी लिहिलं होतं की निर्णय धाडसी आहे, पण बहुतेक सगळ्या नोटा बँकेत परत आल्या तर मत बदलेन. ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अहवालात आकडा आला, ९९.३ टक्के. जुन्या फाइलीला हात न लावता त्या तारखेची नवी फाइल शेजारी ठेवली. डिजिटल व्यवहार वाढले ते विसरू नकोस, असं माझा भाचा म्हणतो. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत त्याच फोल्डरात आहे.

लिहायचं ते साध्या टेक्स्ट फाइलीत, युनिकोडमध्ये, म्हणजे वेगळा फॉन्ट न घालताही बहुतेक मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीत. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने लेख असतील तर आजच बदलून घ्या. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घाला आणि मूळ फाइलही ठेवा. छापील कात्रणं स्कॅन करून पीडीएफ-ए या दीर्घकाळ जपणुकीसाठीच्या पीडीएफ प्रकारात साठवा, त्यात फाइल दाखवायला लागणारं सगळं फाइलीतच बांधलेलं असतं.

प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. माझी एक हार्ड डिस्क मुलीकडे आहे, दरवर्षी ती बदलून आणते. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, वर्षानुवर्षं बिनविजेची कपाटात ठेवू नका, तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगही उतरतो. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करायला. क्लाउड जरूर वापरा, पण एकुलती एक प्रत तिथे नको: ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि तिथे रंगणारे आमचे वादही संपले.

वर्षातून एकदा, मी दिवाळीच्या सुट्टीत करते, प्रत्येक फाइलीचा शा-२५६ (SHA-256) आकडा, म्हणजे फाइलीत एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा ठसा, काढून गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल (certutil -hashfile फाइलीचं-नाव SHA256) ही आज्ञा आधीपासूनच असते. एखादा आकडा जुळला नाही तर ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत घ्या. डिस्क कुरकुरेपर्यंत थांबू नका, पाच वर्षांनी नवी घ्या.

भाषणांना कुलूप लावू नका. मतांच्या फाइलींना लावायचं की नाही, हे तुमचे नातेवाईक कसे आहेत त्यावर ठरवा. लावलंत तर पासवर्ड कागदावर लिहून पासबुकात ठेवा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.