टोर्नेडोच्या मोसमात डॅलसला आलेले आई-बाबा : भीती आणि तयारी

आई-बाबांना अमेरिकेला बोलवायचे ठरले की बहुतेक मराठी घरांत तिकिटे मार्चअखेरीची किंवा एप्रिलची काढली जातात. तिकडचा उन्हाळा टळतो, इथल्या नातवंडांची सुट्टी सापडते आणि गणपतीच्या सुमारास परत जाता येते. न्यू जर्सीसाठी हा हिशेब उत्तम आहे. परंतु टेक्ससमधील डॅलस, प्लेनो, फ्रिस्को किंवा उत्तरेला ओक्लाहोमा सिटी अशा ठिकाणी राहणाऱ्यांचे पाहुणे या हिशेबाने नेमके टोर्नेडोच्या मोसमात येऊन पोहोचतात. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि पश्चिमेकडील पठारांवरची कोरडी हवा यांची या पट्ट्यात गाठ पडते. वरच्या थरात वेगवान वारे असले तर त्यातून स्वतःभोवती फिरणारे प्रचंड मेघ तयार होतात, आणि अशा मेघांपैकी थोड्यांतून हवेचा भोवरा हत्तीच्या सोंडेसारखा जमिनीपर्यंत उतरतो.

पहिली अडचण शब्दाची येते. मराठी वृत्तपत्रांत टोर्नेडोलाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हटले जाते, त्यामुळे रायगड-रत्नागिरीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ उभे राहते. त्या वादळाची चाहूल आधी लागली होती, किनाऱ्यावरील लोकांना हलवता आले होते, आणि वारा तासन्‌तास घोंघावत होता. टोर्नेडोचे तसे नसते. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर असते, एका जागेवरून तो मिनिटाभरात निघून जातो, आणि त्याच्याबद्दलची नेमकी सूचना साधारण दहा-पंधरा मिनिटे आधी मिळाली तर ती चांगली मिळाली असे समजतात. घाटावरच्या माणसाला ‘वावटळ’ आठवते, पण धूळ आणि पाचोळा उडवणारी ती वावटळ उन्हाने तापलेल्या जमिनीवर स्वच्छ आकाशाखाली उठते. टोर्नेडो गडगडाटी मेघाला जोडलेला असतो आणि तो घराचे छप्पर उचलू शकतो. म्हणून घरात ‘टोर्नेडो’ हाच शब्द वापरावा आणि आल्या आठवड्यातच एका संध्याकाळी चहा घेताना हा फरक आई-बाबांना निवांतपणे सांगावा. वादळाच्या दिवशी सांगू लागल्यास ते ज्ञान न वाटता घाबरवणे वाटते.

वॉच आणि वॉर्निंग

भीतीचा निम्मा भाग या दोन शब्दांच्या गोंधळातून येतो, असे माझे मत आहे. ‘टोर्नेडो वॉच’ ओक्लाहोमातील नॉर्मन येथील वादळ-अंदाज केंद्राकडून दिला जातो. तो अनेक काउंट्यांसाठी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि कित्येक तासांसाठी असतो, आणि आज हवा टोर्नेडोला पोषक आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. वॉच लागला म्हणून कोणी लपून बसत नाही. त्या वेळात फोन चार्ज करावेत, गाडी आत घ्यावी, लांबची खरेदी पुढे ढकलावी, जेवण लवकर उरकावे आणि संध्याकाळी चार ते नऊ या वेळात घरातील सर्वजण कोठे असतील ते एकमेकांना सांगून ठेवावे, कारण या भागात बहुतेक टोर्नेडो याच वेळात होतात.

‘टोर्नेडो वॉर्निंग’ ही निराळी गोष्ट आहे. रडारवर मेघातील भोवरा दिसला किंवा कोणी टोर्नेडो प्रत्यक्ष पाहिला म्हणजे राष्ट्रीय हवामान सेवेचे स्थानिक कार्यालय, डॅलसच्या भागात ते फोर्ट वर्थचे, नकाशावर एक बहुकोन आखून त्या भागापुरती ती जाहीर करते. तिची मुदत बहुधा पाऊण तासाच्या आत असते. वॉर्निंग आपल्या घरासाठी असेल तर त्याच क्षणी आसऱ्याच्या जागी जावे. खिडकीतून पाहण्यात, भारतात फोन लावण्यात किंवा शेजारी काय करतात ते बघण्यात एकही मिनिट घालवू नये. आमच्याकडे पहिल्या वर्षी शहराचा इशाऱ्याचा भोंगा वाजताच सासरे पॅटिओचे दार उघडून हात मागे बांधून आकाश पाहत उभे राहिले होते. पुण्यात वळवाचा पाऊस बघायला गॅलरीत उभे राहण्याची ती जुनी सवय होती. त्यांना आत आणण्यात चार मिनिटे गेली, आणि तयारीच्या यादीत आम्ही न लिहिलेली पहिली गोष्ट आम्हाला कळली.

भोंग्यांविषयीही एक गैरसमज आहे. ते घराबाहेर असलेल्यांसाठी असतात. बंद खिडक्या, चालू एअर कंडिशनर आणि गाढ झोप यांत ते ऐकू येतीलच असे नाही, शिवाय अनेक शहरांत मोठ्या गारा किंवा अतिवेगवान वारा असला तरीही ते वाजवतात. फोनवर येणारी कर्कश सूचना अधिक उपयोगाची आहे, पण ती इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये असते. ज्या आजीला इंग्रजी वाचता येत नाही तिला ते अक्षर वाचायला लावण्यापेक्षा ‘हा आवाज आला की जिन्याखाली जायचे’ एवढे पक्के करून द्यावे. रात्रीसाठी वेदर रेडिओ घ्यावा. त्यात आपल्या काउंटीचा सहा अंकी कोड एकदा भरला की तो एरवी गप्प राहतो आणि इशारा आला म्हणजेच ओरडतो. तो बॅटरीवरही चालतो, म्हणून वीज गेली तरी उपयोगी पडतो.

आसऱ्याची जागा

उत्तर टेक्ससमधील जमीन चिकण मातीची आहे. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे येथील घरांना तळघरे क्वचितच असतात. तेव्हा सर्वांत खालच्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली, बिनखिडकीची आणि शक्य तितकी लहान खोली निवडावी. बहुतेक दुमजली घरांत ती जिन्याखालचे क्लॉझेट (सामानाची कोठडी) किंवा मधले बाथरूम असते. आपल्या आणि बाहेरच्या हवेच्या मध्ये जितक्या भिंती येतील तितके बरे, हे एकच सूत्र ध्यानात ठेवावे. दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बसावे, असे जुने सल्ले अजूनही ऐकू येतात, पण ते चुकीचे ठरले आहेत. खिडक्या बंदच ठेवाव्यात आणि आतल्या खोल्यांची दारेही ओढून घ्यावीत, म्हणजे वारा आत घुसला तरी छपरावर खालून येणारा दाब कमी होतो. गॅरेजमध्ये मात्र कधीही थांबू नये, कारण त्याचे रुंद दार बहुधा सर्वांत आधी निकामी होते.

आता त्या क्लॉझेटचे दार खरोखर उघडून पाहावे. तेवीस किलोच्या चार रिकाम्या बॅगा, घड्या घातलेली गादी, दिवाळीचा आकाशकंदील आणि भाजणीचे डबे ठेवलेल्या जागेत पाच माणसे मावत नाहीत. मोसम सुरू होण्यापूर्वी ते रिकामे करावे, आणि ज्येष्ठांना जमिनीवर बसून उठता येत नसेल तर पाठ नसलेले एक बुटके स्टूल तेथेच ठेवावे. टोर्नेडोत माणसे वाऱ्याने कमी आणि वाऱ्याने फेकलेल्या वस्तूंनी अधिक जखमी होतात, आणि डोक्याची जखम सर्वांत वाईट. म्हणून प्रत्येकासाठी हेल्मेट ठेवावे. सायकलचे चालते, आणि नातवाचे क्रिकेटचे तर फारच चांगले. वरून पांघरायला जाड रजई ठेवावी.

दुसरी गोष्ट खास आपल्या घरांची आहे. आपण चपला-बूट दाराशी किंवा गॅरेजमध्ये काढतो आणि घरभर अनवाणी वावरतो. टोर्नेडोनंतर जमिनीवर काचा आणि खिळे मारलेल्या फळ्या पसरलेल्या असतात, आणि मदतीला धावणाऱ्यांच्याही तळव्यात खिळे घुसतात. घरातील प्रत्येकाचा जाड तळव्याच्या जुन्या बुटांचा एक जोड क्लॉझेटमध्ये कायमचा ठेवावा. बुटांसोबत टॉर्च, शिटी, पाण्याच्या बाटल्या, चार्ज केलेली पॉवर बँक, आणि एका बंद पिशवीत पासपोर्ट, प्रवास-विम्याची कागदपत्रे, मधुमेहाची व रक्तदाबाची आठवडाभराची औषधे असावीत. चष्मा आणि कवळी रात्री जेथे काढून ठेवतात तेथून उचलण्याचे काम कोणाचे, हेही ठरवून टाकावे. देवापुढे समई तेवत असेल तर जाता जाता ती शांत करावी, कारण गॅसची नळी तुटलेल्या घरात जळती ज्योत राहू देणे धोक्याचे असते.

अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तळमजल्यावरील एखाद्या कुटुंबाशी आधीच बोलून ठेवावे. ओळख नसेल तर डब्यातून चार चकल्या घेऊन दार वाजवावे, आपल्याकडे हे अवघड नाही. सुपरमार्केट, मंदिराचे सभागृह, शाळेचे जिमखाना-दालन अशा लांब पसरलेल्या छपराच्या जागी मधोमध उभे राहू नये. तेथील स्वच्छतागृहात किंवा आतल्या लहान खोलीत जावे. महाराष्ट्र मंडळाच्या वसंतातील कार्यक्रमांचे आयोजक सभागृह ठरवताना जेवणाची जागा पाहतात, तशी ही जागाही पाहून ठेवतील तर बरे होईल.

गाडीत असताना

डॅलसकरांनी दोन रात्री शेजारी ठेवून पाहाव्यात. 20 ऑक्टोबर 2019 रोजी रविवारी रात्री नऊच्या सुमारास उत्तर डॅलसच्या दाट वस्तीतून ईएफ-3 टोर्नेडो सुमारे 25 किलोमीटर गेला (ईएफ हे टोर्नेडोच्या तीव्रतेचे 0 ते 5 असे मोजमाप आहे). अब्जावधी रुपयांचे नुकसान झाले, शाळा आणि दुकाने कोसळली, पण एकही माणूस दगावला नाही. त्याआधी 26 डिसेंबर 2015 च्या संध्याकाळी डॅलसजवळच्या गार्लंडमध्ये ईएफ-4 टोर्नेडो महामार्गांच्या जोडरस्त्यावरून गेला आणि 10 जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक गाडीत होते. गार्लंडचा टोर्नेडो अधिक तीव्र होता हे खरे, परंतु माणसे कोठे होती हा फरकही विसरण्याजोगा नाही. (टोर्नेडो डिसेंबरातही येतो, हेही त्या तारखेवरून दिसते.)

म्हणून वॉर्निंग असताना घरातून निघून गाडीने पळण्याचा विचार करू नये. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रिनो येथे 4 किलोमीटरहून अधिक रुंदीचा टोर्नेडो आला, तेव्हा पळणाऱ्या गाड्यांनी रस्ते तुंबून गेले होते. वाटेत असतानाच सूचना आली तर जवळच्या पक्क्या इमारतीत शिरावे. पुलाखाली थांबू नये, कारण तेथे वारा अरुंद जागेतून अधिक वेगाने घुसतो आणि माणसाला धरायला काहीच नसते. कोठेच जाता येत नसेल तर गाडीत पट्टा बांधून, डोके काचेच्या पातळीखाली घेऊन, अंगावरचे कापड डोक्यावर ओढून बसावे, किंवा रस्त्यापेक्षा स्पष्टपणे खोल असा खड्डा जवळ असेल तर त्यात पालथे पडून मान हातांनी झाकावी. दोन्ही उपाय शेवटचे आहेत.

भीतीविषयी

भीती वाटणाऱ्या माणसाला ‘काही होत नाही’ असे म्हणण्याचा उपयोग होत नाही, कारण त्याने बातम्यांत टोर्नेडोने उद्ध्वस्त केलेली मूर आणि जॉप्लिन ही शहरे पाहिलेली असतात. त्यापेक्षा खरे आकडे सांगावेत. अमेरिकेत वर्षाला सुमारे 1,200 टोर्नेडो होतात. त्यांतील बहुतेक ईएफ-0 किंवा ईएफ-1 म्हणजे फांद्या मोडणारे आणि कौलाच्या जागी असलेले शिंगल उडवणारे असतात. घर भुईसपाट करणारे ईएफ-4 आणि ईएफ-5 शंभरात जेमतेम एक. शिवाय दहापैकी सुमारे सात वॉर्निंगांच्या वेळी टोर्नेडो जमिनीला टेकतही नाही. याचा अर्थ आपण सात वेळा क्लॉझेटमध्ये विनाकारण बसणार आहोत, आणि आठव्या वेळी कंटाळा करायचा नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

वृद्धांना आणि मुलांना भीती बहुधा आपण काय करायचे ते ठाऊक नसल्याने वाटते. दुपारी दोन वाजता मुलगा-सून कामावर आणि घरी दोघेच, या वेळेची तालीम त्या दोघांनीच करावी, आपण फक्त घड्याळ लावावे. डॅलसमध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता भोंग्यांची चाचणी होते. त्या दिवशी आवाज ऐकताच आजोबांनी टॉर्च आणि आजींनी औषधांची पिशवी घेऊन क्लॉझेटमध्ये जावे, नातवाने दारे ओढत यावे. आमच्याकडे पहिल्या तालमीला सहा मिनिटे लागली, तिसरीला दीड. त्यानंतर सासूबाईंनी ढग आले की टीव्हीसमोर बसून राहणे आपोआप सोडले.

टीव्हीचे आणि रडारचे हे बसणे मात्र आवरायला हवे. वॉचच्या काळात तासाला एकदा नकाशा पाहणे पुरेसे असते, इशारा द्यायला रेडिओ आहेच. छातीत धडधडू लागल्यास श्वास सावकाश सोडणे, मोठ्याने रामरक्षा म्हणणे, पत्ते खेळणे, जे ज्याला रुचेल ते करावे. रामरक्षेला वेळही बेताचा लागतो. पण निरभ्र दिवशीही कोणी घराबाहेर पडेनासे झाले, झोप उडाली, दर काही मिनिटांनी हवामान पाहिल्याशिवाय राहवेना, तर ते केवळ काळजीपुरते राहिलेले नाही. अशा भीतीवर बोधात्मक वर्तन उपचार आणि भीतीच्या गोष्टीशी पायरीपायरीने ओळख करून देणारे उपचार परिणामकारक असतात. मराठी बोलणारे समुपदेशक भारतातून व्हिडिओ कॉलवरही भेटतात.

वादळ गेल्यावर

वॉर्निंगची मुदत संपेपर्यंत किंवा ती मागे घेतली जाईपर्यंत बाहेर येऊ नये, एका मेघामागे दुसरा असू शकतो. बाहेर येताना बूट घालूनच यावे. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचे बटण न दाबता सर्वांनी घर सोडावे आणि लांब जाऊन 911 ला कळवावे. पडलेल्या प्रत्येक तारेत वीज आहे असेच धरून चालावे. मेणबत्त्या लावू नयेत, आणि जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नये, त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. छपरावर ताडपत्री टाकण्यापूर्वी विम्यासाठी फोटो काढावेत.

उन्हाळ्यात येथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा महाराष्ट्रात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे नातेवाइकांनी नुकताच टीव्ही लावलेला असतो. वाहिन्यांवर ‘टेक्ससमध्ये हाहाकार’ झळकण्याआधीच कुटुंबाच्या गटावर एक ओळ पाठवावी, ‘सगळे सुखरूप आहोत, फोन करू नका, बॅटरी जपतो आहोत, सकाळी बोलू’. गर्दीच्या नेटवर्कवर कॉल लागत नाही तेव्हाही ही ओळ पोहोचते. ती आधीच लिहून फोनमध्ये ठेवावी.