सॅक्सोफोनवादकांचं वार्षिक संमेलन: नव्या कार्यकारिणीसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी तारीख ठरवायची, आणि तारीख ठरवायला पंचांग हवं. जगभरचे सॅक्सोफोनवादक ६ नोव्हेंबर साजरा करतात, कारण १८१४ साली त्या दिवशी बेल्जियममधल्या दिनां गावी अदॉल्फ साक्सचा जन्म झाला. नव्या कार्यकारिणीतला कुणीतरी हमखास हीच तारीख सुचवतो. आपल्याकडे तो दिवस एखाद्या वर्षी दिवाळीत येतो, तर एखाद्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे लग्नसराई उघडते तेव्हा. त्या दिवशी संमेलन ठेवलंत तर आपले निम्मे सभासद कुठल्यातरी वरातीत उभे असतील. म्हणून आषाढी एकादशी उलटल्यावरचा आषाढ किंवा श्रावण निवडा. लग्नाचे मुहूर्त नसतात, बँडवाले घरी असतात आणि हॉलही स्वस्तात मिळतो. गोकुळाष्टमी आणि दहीहंडीचे दिवस सोडा. भाद्रपदात गणपती आहेत, त्यामुळे तो महिना विसराच. गोव्यातले सभासद असतील तर सांजांवचा सण आणि १५ ऑगस्टचं फेस्त या तारखाही टाळा. मनोहारी सिंग १३ जुलै २०१० रोजी गेले. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतला सॅक्सोफोन आपण ज्यांच्यामुळे ओळखतो ते हेच. त्यांच्या स्मरणदिनाच्या आसपासचा रविवार चातुर्मासात बसत असेल तर त्याहून चांगला दिवस नाही.

तारीख ठरली की सभासदांची वही उघडा आणि नावं तीन रंगांच्या पेनांनी लिहा. एक रंग बँडमधल्या वादकांचा, दुसरा स्टुडिओत आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांचा, तिसरा हौशी मंडळींचा: बँकेतून, शाळेतून निवृत्त होऊन वाद्य हातात घेतलेले, ट्रॅक लावून संध्याकाळी वाजवणारे, आणि अलीकडे क्लासला येणारी कॉलेजची मुलं-मुली. आता कार्यकारिणीची नावं त्याच रंगांत लिहून पाहा. पाने भरून पहिला रंग आणि कार्यकारिणीत मात्र सगळा तिसरा, असं चित्र दिसलं तर संमेलनाच्या तयारीतलं सगळ्यात मोठं काम तेच आहे. हौशी सभासदांकडे वेळ असतो, ईमेल लिहिता येतो, हॉलवाल्याशी बोलता येतं, म्हणून पदं आपोआप त्यांच्याकडे जातात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण ज्याचं घर या वाद्यावर चालतं, त्याला मंडळात फक्त वाजवायला बोलावलं जातं आणि ठरवायला बोलावलं जात नाही, हे मला मान्य नाही. निदान एक उपाध्यक्ष आणि दोन सदस्य बँडमधले असतील अशी तरतूद मंडळाच्या घटनेत करा. सभेच्या वेळा त्यांच्या सोयीने ठेवा. सीझनमध्ये सभा दुपारी घ्या, कारण रात्री ते कामावर असतात.

हे भलेपणापोटी सांगत नाही. हे वाद्य जन्मालाच बँडसाठी आलं. साक्सला १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि फ्रेंच लष्कराच्या बँडनी ते उचललं. आपल्याकडेही ते पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमधून आलं. कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये, आणि १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. महाराष्ट्रात सनई-हलगी वाजवणाऱ्या मातंग, होलार घरांतल्या पोरांनी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन हाती धरला आणि गावोगावच्या लोकांच्या कानांपर्यंत तो सूर नेला. मंडळाच्या पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची असणं हा या वाद्याच्या इतिहासाचाच भाग आहे.

आमंत्रणं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होऊ नका. बँडमधल्या वादकाला फोन करा, आणि शक्य असेल तर बँडच्या मास्तरांना आणि मालकांना प्रत्यक्ष भेटा. पुष्कळ वादकांनी मालकाकडून सीझनची उचल घेतलेली असते. मालकाला न विचारता आपण त्याच्या माणसाला दिवसभर बोलावलं, तर कानकोंडा होतो तो वादक. मालकालाही सन्मानाने बोलवा, तोही बहुधा वादकाच्याच घरातला असतो. बाहेरगावाहून येणाऱ्याचा एसटीचा किंवा रेल्वेचा खर्च मंडळ देणार असेल तर आकडा फोनवरच स्पष्ट सांगा. आणि एखाद्याला त्या दिवशी सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, आली तर त्याला सुपारी घेऊ द्या, रुसू नका.

हॉल निवडताना आवाजाआधी पायऱ्या बघा. आपले जुने वादक साठी-सत्तरीचे आहेत आणि भल्यामोठ्या बॅरिटोन सॅक्सोफोनची पेटी घेऊन दुसरा मजला चढणं सोपं नाही. हॉल बंदिस्त असावा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं चालत नाहीत, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे, त्यामुळे कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच आखा. मुलींना आणि बायकांना कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. खुर्च्या सगळ्या एकसारख्या. व्यासपीठावर सोफा आणि खाली प्लास्टिकच्या खुर्च्या अशी मांडणी नको.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच मंडळं घडतात किंवा मोडतात. लग्नात बँडवाल्यांचं जेवण सगळ्यात शेवटी असतं. बऱ्याच ठिकाणी ते मांडवाच्या मागे आणि उरल्यासुरल्याचं असतं. ज्याने आयुष्यभर असं जेवण घेतलं आहे, तो आपल्या संमेलनात जेवणाची वेळ झाली की सवयीने बाजूला उभा राहतो. म्हणून पाहुणे, पदाधिकारी, वादक अशा वेगळ्या वेळा ठेवू नका. एकच पंगत आणि एकच पदार्थ ठेवा. वाढायला पदाधिकारी उभे राहिले तर उत्तम. केटररला आकडा देताना वाद्यं उचलणारी पोरं, साउंडवाला आणि ड्रायव्हर धरूनच द्या.

आता वाजवण्याची तयारी. सामुदायिक वादनासाठी दोन रचना पुरतात, पण त्यांची तयारी तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवी. आपल्या मंडळात नोटेशन वाचणारे आणि कानाने वाजवणारे, दोन्ही आहेत. गोव्यातल्या जुन्या वादकांनी चर्चच्या शाळांत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं स्वरवाचन, शिकलेलं, त्यांना कागद दिला की पुरे. बँडमधला वादक मास्तरांच्या समोर बसून शिकलेला. त्याचा कान असा तयार असतो की वाचणाऱ्यांनी हेवा करावा. म्हणून प्रत्येक रचनेचं स्टाफ नोटेशन, सरगम आणि एक ऑडिओ, असं तिन्ही पाठवा. ऑडिओ दोन लयींत करा, एक खरी आणि एक संथ. ज्या रचनेला फक्त वाचणारेच पोचतील ती रचना निवडू नका, ती त्यांना स्वतंत्रपणे वाजवू द्या.

सरगम लिहिताना अल्टोची आणि टेनरची पानं वेगळी काढायची आहेत, हे नवा सचिव हमखास विसरतो. अल्टो आणि बॅरिटोन हे सॅक्सोफोन ई फ्लॅटमधले, टेनर आणि सोप्रानो बी फ्लॅटमधले, त्यामुळे एकाच सुरासाठी दोघांच्या पानावर वेगवेगळा स्वर लिहावा लागतो. गायकाची पट्टी काळी एक (सी शार्प) असेल तर अल्टोवाल्याने बी फ्लॅट पकडायचा आणि टेनरवाल्याने ई फ्लॅट. हे पानाच्या डोक्यावर ठळक लिहा. तालमीतला अर्धा तास तिथेच वाचतो. सूर मिळवताना सगळ्यांनी एकदम फुंकायचं नाही. हार्मोनियम किंवा कीबोर्डवर ४४० हर्ट्झचा ए हा स्वर धरायचा, आधी बॅरिटोनने, मग टेनरने बी, मग अल्टोने एफ शार्प, शेवटी सोप्रानोने. काहींकडे आजोबांच्या काळातली हाय पिचची वाद्यं आहेत, ती अर्ध्या स्वराच्याही निम्म्याने वर बोलतात. माउथपीस कितीही बाहेर ओढला तरी ती सगळ्या सप्तकात जुळत नाहीत. अशा माणसाला तालमीत सगळ्यांसमोर बेसूर म्हणणं हा अन्याय आहे. मंडळाकडे दोन चांगली वाद्यं जादा ठेवा आणि आदल्या दिवशी घरी नेऊन द्या, म्हणजे त्याचा हात बसेल.

श्रावणात संमेलन घ्यायचं तर पावसाळी हवेचीही तयारी हवी. दमट हवेत रीड, म्हणजे माउथपीसला लावलेली वेताची पातळ पट्टी, फुगते, वाकते. जी शार्पच्या छिद्रावर बसणारं पॅड चिकटतं आणि नेमकं सोलोच्या वेळी उघडत नाही. दाराजवळ एक दुरुस्तीचं टेबल मांडा: पॅडखाली धरायला पातळ कागद, कॉर्क ग्रीज, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, रबर बँड, स्वच्छ मऊ कापड, आणि दोन, अडीच, तीन नंबरच्या अल्टो-टेनर रीड्स. मेरठच्या जाली कोठीतून येणारी वाद्यं आणि परदेशी वाद्यं, दोन्हींचे स्प्रिंग आणि पॅड ओळखणारा कारागीर दिवसभर बसवा, आणि त्याची मजुरी मंडळाने द्या. परदेशी रीडची डबी रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला परवडत नाही. तो एकच रीड कड झिजेपर्यंत चालवतो. वर्षभराची रीड बँक सुरू करायला संमेलनासारखा दिवस नाही. सधन सभासदाने दोन डब्या द्याव्यात आणि ज्याला लागेल त्याने न विचारता घ्याव्यात. वहीत फक्त रीडचा नंबर लिहायचा, नाव लिहायचं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांना 'श्री' किंवा सगळ्यांना 'मास्तर' म्हणा, काहींना 'सर' आणि काहींना नुसतं नाव असं नको. भाषणं दोन, प्रत्येकी पाच मिनिटं. सत्काराच्या शाली कमी करा आणि ते पैसे रीड्सना द्या.

दुपारचा एक तास कागदपत्रांसाठी राखा. मला हा तास संमेलनाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. १६ ते ५९ वयाच्या बँडवादकाला ती करता येते. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँकेचं पासबुक आणायला फोनवरच सांगून ठेवा. जुन्या वादकांसाठी राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे. तिथे अडतं ते पुराव्यावर. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाकडे एक कात्रण नसतं, कारण वरातीची पत्रिका कुणी बँडवाल्याच्या नावाने छापत नाही. म्हणून मंडळाने प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका वादकाच्या पूर्ण नावानिशी छापायची, तारीख दिसेल असा फोटो काढायचा, आणि दोन्हींची एक प्रत त्याच्या घरी द्यायची. संमेलनाच्या पत्रिकेपासूनच सुरुवात करा. नावांचं शुद्धलेखन आधारकार्डाशी ताडून पाहा.

पैशांचा व्यवहार उघडा असू द्या. वर्गणी गोळा करायचा क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचा हवा, खजिनदाराचा नको. खात्यावर दोन सह्या हव्यात. नोंदणी अजून केली नसेल तर किमान सात सभासदांनिशी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली करा. महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. सर्वसाधारण सभेत जमाखर्च वाचताना आकडे मोठ्याने आणि सावकाश वाचा, आणि प्रश्न विचारायला पहिली संधी मागच्या रांगेला द्या.

बाहेरच्या संघटनांकडून घेण्यासारखं एक आहे. नॉर्थ अमेरिकन सॅक्सोफोन अलायन्सने आपलं क्षेत्र दहा विभागांत वाटलं आहे. सम वर्षी सगळ्यांचं मोठं संमेलन भरतं आणि विषम वर्षी विभागवार. तिथे विद्यापीठातल्या लोकांचा भरणा मोठा, आपलं तसं नाही, पण ही वाटणी आपल्याला जास्तच उपयोगी आहे. पुण्या-मुंबईला दर वर्षी यायला सोलापूरच्या किंवा सांगलीच्या वादकाची दोन दिवसांची कमाई जाते. एक वर्ष मोठं संमेलन आणि पुढचं वर्ष जिल्ह्यांत, असा ठराव याच सभेत मांडा. जिल्ह्याचा प्रमुख तिथला वाजवणारा असावा, शहरातून नेमलेला नसावा.

संमेलनाच्या रात्रीच साउंडवाला, केटरर, कारागीर आणि खुर्चीवाला यांचे पैसे चुकते करा. उधारीचा त्रास आपल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी न आलेल्या प्रत्येकाला फोन करून का आला नाही ते विचारा आणि उत्तर वहीत लिहा, पुढच्या वर्षीची तारीख त्या उत्तरांवरून ठरेल. नवी कार्यकारिणी निवडली गेली असेल तर बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे, बँकेतल्या सह्या त्याच महिन्यात बदलल्या पाहिजेत, आणि सभासदांची वही, रीड बँकेची वही, जादा वाद्यांची यादी आणि मास्तरांचे फोन नंबर जुन्या सचिवाने नव्याच्या हातात समोरासमोर, पावतीनिशी द्यायचे.