जोन ऑफ आर्कचं चिलखत: सुरुवात बंडीपासून

पंधराव्या शतकातली फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्क हिच्यावर एकांकिका किंवा लघुपट करायचं ठरलं की पहिला फोन कपडेपटवाल्याला जातो. तिथून येतं ते शिवकालीन नाटकातलं चंदेरी जाळीचं चिलखत. ते जोनचं नाही. १४२९ साली फ्रान्समधल्या तूर शहरात तिच्यासाठी जे बनवलं गेलं ते पोलादी पत्र्यांचं, तिच्या अंगाच्या मापाचं होतं. राजाच्या हिशेबात त्यापोटी १०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिल्याची नोंद आहे. तसं दिसणारं, अडीच-तीन किलो वजनाचं चिलखत ईव्हीए फोममधून (चपलांच्या तळव्यात असतो तो हलका फोम) घरी बनतं. दोघांनी रोज संध्याकाळी बसायचं म्हटलं तर दोन आठवडे धरा.

सामान आणण्याआधी संहिता घेऊन बसा आणि कुठल्या प्रवेशात चिलखत लागतं ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा. लागतं फार थोड्या प्रवेशांत. डोंरेमी गावात ती लाल लोकरी झग्यातली शेतकऱ्याची मुलगी. राजाला भेटायला शिनोंला गेली तेव्हा केस कापलेले, अंगात पुरुषी कपडे. चिलखत १४२९च्या वसंतापासून २३ मे १४३०ला काँपिएन्यजवळ पकडली जाईपर्यंत, म्हणजे जेमतेम वर्षभर. त्यानंतर रुआँच्या खटल्यात एक मुख्य आरोप पुरुषी वेशाचा होता, आणि कोर्टात ती त्याच वेशात होती, चिलखतात नव्हे. कोर्टात तिला चकचकीत छातीपत्रा घालून उभं करणारे दिग्दर्शक पुष्कळ आहेत. पोस्टर छान होतं, खटल्यातला मुद्दा मात्र निसटतो. तिला जिवंत जाळलं त्या चितेच्या प्रवेशात तर चिलखत नकोच. तिथे ती लांब झग्यात आहे, आणि ईव्हीए पेटला तर वितळून थेंब थेंब गळतो. फोम अंगावर असताना आसपास मशालसुद्धा नको.

आता बंडी. बहुतेकजण इथेच चुकतात, कारण ही प्रेक्षकाला दिसत नाही. पत्रे अंगाला बांधलेले नसतात, आतल्या जाड बंडीला बांधलेले असतात. खटल्याच्या आरोपपत्रात जोनच्या बंडीला विजारीचे पाय वीस बंदांनी बांधलेले असल्याचं लिहिलंय. आपल्या बाराबंदीची ही दूरची बहीण समजा. आतलं आणि बाहेरचं कापड मांजरपाट घ्या (मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये मिळेल, साडेतीन मीटर पुरे), दोन्ही आधी धुऊन आटवून घ्या, मध्ये कापसाचा पातळ थर. गोधडी घालतात तसे उभे टाके, दर ३ ते ४ सेंटिमीटरवर. पॉलिएस्टरचं भरण स्वस्त पडतं, पण एसी बंद असलेल्या तालमीच्या हॉलमध्ये ते घालून जोन करणारी मुलगी वीस मिनिटांत घेरी येऊन बसेल. खांद्यावर भरण दुप्पट करा, काखेत अजिबात नको. काखेतला गोळा हात खाली येऊ देत नाही, आणि पात्र कबुतरासारखं पंख फुगवून चालतं.

बंडीला भोकं लागतील: प्रत्येक खांद्यावर दोन, प्रत्येक दंडावर दोन, कमरेला चारही बाजूंनी मिळून बारा. धातूचे आयलेट ठोकू नका. मांजरपाटातून ते दुसऱ्या प्रयोगात उपटून येतात. काज-बटणवाल्याकडून गोल काज करून घ्या, मागे चामड्याचा छोटा तुकडा लावून. बंद म्हणून बुटाच्या सुती नाड्या चालतात, साधारण ४० सेंटिमीटरच्या. टोकाला कडक टोपी असल्याने अंधारात विंगेतसुद्धा पटकन ओवता येतात.

मापं बंडी घालूनच घ्यायची. बंडीवरून धडाला क्लिंग फिल्म गुंडाळा, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. मुलीने पूर्ण श्वास भरून धरलेला असताना शेवटची टेप लावा, नाहीतर तयार चिलखतात स्वगत म्हणताना दम लागेल. मार्करने मधली रेघ, दोन्ही कुशी, गळा, हातकापा (हात बाहेर काढायची मोकळी जागा) आणि कंबर आखा. कंबर म्हणजे इथे शेवटच्या बरगडीखालची बारीक जागा; पँटचा पट्टा बसतो तिथली नव्हे. छातीपत्रा त्या रेघेवर संपतो, म्हणूनच माणूस वाकू शकतो, गुडघे टेकू शकतो. खाली जो घेर दिसतो तो वेगळ्या पट्ट्यांचा: ६ सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या, एकीवर दुसरी २ सेंटिमीटर चढलेली, आतून तीन सुती फितींवर चिकटवलेल्या. स्तनांचे दोन वेगळे उंचवटे काढू नका. छातीपत्रा मध्ये फुगीर आणि कडांकडे उतरता असतो तो वार बाजूला घसरावा म्हणून. दोन उंचवट्यांमधली घळ तोच वार नेमका छातीच्या मधल्या हाडावर आणून सोडेल. टेपचा साचा कापून कागदावर उतरवा आणि एकच अर्धा भाग ठेवून दुसरा उलटा आखा. माणसाचे दोन खांदे कधीच सारखे नसतात, पण चिलखताचे दिसायला हवेत.

फोमसाठी चपला-बुटांचं सामान विकणारे गाठा. धारावीत आणि ठक्कर बाप्पा कॉलनीच्या आसपास शीट मिळते. छाती-पाठीला आणि मांड्यांना ६ मिलिमीटर, हातांना ४, कडांच्या पट्टीला २. साधारण दोन चौरस मीटर ६ची, दीड ४ची, अर्धा २ची. नख दाबून पाहा: खूण पडून लगेच भरून आली तर माल चांगला, खड्डा राहिला तर दुसरी शीट मागा. कटरचं पातं दर हातभर कापल्यावर मोडून नवं टोक काढा. बोथट पात्याने कड कुरतडते आणि ती कड कुठल्याच सोल्युशनने नीट जुळत नाही.

चिकटवण्याआधी आकार. हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र) १५ सेंटिमीटरवरून सतत फिरवत ठेवा. फोमचा निस्तेज पृष्ठभाग हलकासा चमकू लागला की थांबा, मांडीवर किंवा कळशीच्या पोटावर दाबून धरा आणि गार होईपर्यंत सोडू नका. बुडबुडे आले म्हणजे जास्त तापलं. तो तुकडा गेलाच.

सोल्युशन म्हणून फेविकॉल एसआरसारखं सिंथेटिक रबराचं, अर्धा लिटर. दोन्ही कडांना पातळ थर, १० ते १५ मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच, नेमकं जोडायचं. पहिल्या स्पर्शाला पकडतं, सरकवता येत नाही; म्हणून आधी दोन टोकं, मग मध्य, मग उरलेलं. मुंबईत जून ते सप्टेंबर एक खास भानगड होते. सोल्युशनमधला द्राव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि थरावर पांढुरकी साय येते. वरून जोड बसल्यासारखा वाटतो, पण तालमीत पहिल्या वाकण्यात उघडतो. साय दिसली तर हेअर ड्रायरने ती जाईपर्यंत शेकवा आणि मगच जोडा. ड्रायर हातात घ्यायच्या आधी डबा झाकून लांब ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात. वाफा पेट घेतात, तेव्हा देवघरातली उदबत्ती आणि स्वयंपाकघरातला गॅस दोन्ही बंद.

खांद्याचा पत्रा छातीपत्र्याला चिकटवायचा मोह आवरा. तो बंडीच्या खांद्यावरच्या दोन बंदांनी लटकतो, खालून दंडाभोवती एका पट्ट्याने धरलेला असतो. बंद पत्र्यातल्या दोन भोकांतून बाहेर काढून एकदाच सरगाठ मारा. निरगाठ मारली तर घामाने भिजल्यावर कात्रीच लागते. सगळं चढवून मुलीला काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला सांगा. छातीपत्रा हनुवटीला येऊन लागला तर खांदे कुठेतरी पत्र्याला अडकलेत किंवा हातकापा लहान झालाय. हातकापा पुढून एक सेंटिमीटर कापा, पुन्हा बघा. रंग लावण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे.

शिरस्त्राणासाठी फार डोकं खाजवू नका. चेहरा झाकलेला टोप प्रेक्षकांना नको असतो, आणि उघड्या डोक्याने लढाई खोटी वाटते. सुटका इतिहासातच आहे: जार्जोच्या लढाईत दगड डोक्यावर आपटून फुटला तेव्हा जोनने हलकं, साधं शिरस्त्राण घातलं होतं, अशी साक्ष तिच्याबरोबर लढलेल्या आलाँसोंच्या ड्यूकने खटल्याच्या नंतरच्या फेरचौकशीत दिली. उपडं घातलेलं घमेलं डोळ्यांपुढे आणा, तसा काठाचा टोप चालून जाईल. चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून काठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको.

रंगात घाई केली की फोम फोमच दिसतो. छिद्रं बुजवायला पांढरं फेविकॉल आणि पाणी सम प्रमाणात, तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. मग काळा ॲक्रिलिक, त्यावर चंदेरी जवळजवळ कोरड्या ब्रशने. सांध्यांत काळपट तपकिरी पाणी सोडून लगेच फडक्याने पुसा. शेवटी मॅट व्हार्निश, नाहीतर समोरच्या लाइटमध्ये छाती स्टीलच्या डब्यासारखी चमकते.

झेंड्याकडे तलवारीपेक्षा जास्त लक्ष द्या. तलवारीपेक्षा झेंडा चाळीस पटींनी प्रिय, असं जोननेच खटल्यात सांगितलं. कुणाला मारावं लागू नये म्हणून हल्ल्यात झेंडा स्वतः धरायची. पांढरं कापड, विखुरलेली लिली, मध्ये जग हातात धरलेला ख्रिस्त, दोन बाजूंना देवदूत, ‘येशू मरिया’ ही अक्षरं आणि रेशमी झालर, असं वर्णन तिनेच दिलंय. रंगमंचासाठी १५० बाय ७५ सेंटिमीटरचा, टोकाकडे निमुळता. काठी आठ फुटी बांबूची, पण मधोमध कापून ॲल्युमिनियमच्या नळीने जोडायची; अखंड बांबू घेऊन सकाळच्या विरार लोकलमध्ये चढून दाखवा. तलवार लाकडीच, मुठीजवळ पाच क्रूस कोरून, आणि प्रवासात पिशवीत. शहरात शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर असतात, आणि चंदेरी रंगाचं लाकूड लांबून लाकूड दिसत नाही.

७ मे १४२९ला ओर्लेआँत तिला बाण लागला तो मान आणि खांद्याच्या मधे. म्हणून बाण पत्र्यात खुपसू नका. अर्धी काडी ५ सेंटिमीटरच्या फोमच्या चकतीवर बसवा आणि चकतीला वेल्क्रो लावून ती छातीपत्रा व खांदा यांच्या फटीत थेट बंडीवर लावा. काडी पत्र्यांमधून वर आलेली दिसते, हिसडून काढताही येते.

नेताना छातीपत्रा पाठीच्या पत्र्यात घालून, आत बंडी कोंबून ठेवा. दुपारी उन्हातल्या गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका. सोल्युशन मऊ पडून कुशीचे जोड उघडतात. वाटेत जोड उघडलाच तर नवा थर देण्याआधी जुना बोटाने चोळून काढा. बंड्या दोन शिवा. प्रयोगानंतर ओली बंडी चिलखतात तशीच राहिली तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, आणि तो वास आतल्या फोमला लागला की जात नाही.