ओन्लीऑफिस स्वतःच्या सर्व्हरवर: आधी डेटाबेसचा मालक ठरवा

आमच्या दिवाळी अंकाच्या लेखांवर आम्ही चौघं एकाच वेळी हात फिरवतो. पूर्वी ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘खरंच अंतिम’ अशा फायली मेलवर फिरायच्या. त्या कंटाळ्यातून ओन्लीऑफिसचा डॉक्युमेंट सर्व्हर, म्हणजे ब्राउझरमध्ये एकाच फाइलीवर अनेकांना एकदम लिहू देणारा प्रोग्राम, स्वतः बसवायला घेतला. त्यानंतर ओळखीपाळखीत इतक्या ठिकाणी बसवून दिलाय की मोजणं सोडलं.

डॉकर (प्रोग्राम तयार डब्यात बंद करून चालवण्याची सोय) वापरत असाल तर ओन्लीऑफिसच्या तयार इमेजमध्ये डेटाबेसपासून सगळं आत भरलेलं येतं. तुम्ही फक्त खालचा फॉन्टचा भाग आणि शेवटचा परिच्छेद वाचा. बाकीचा लेख डेबियन किंवा उबुंटूवर थेट पॅकेज बसवणाऱ्यांसाठी. मशीन कोरं घ्या. रॅम ४ जीबी तरी हवी, वर तेवढीच स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). दोन जीबीत ‘चालतं की’ म्हणणाऱ्यांनी चार माणसं एकदम बसवून पाहिलेली नसतात. कमांड अक्षरशः अधिकृत पानावरूनच घ्या. मी इथे क्रम आणि त्यामागचं कारण सांगतोय.

क्रम असा: पोस्टग्रेस (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम), त्यात युजर आणि डेटाबेस, मग रॅबिटएमक्यू (आतल्या भागांमधले निरोप पोचवणारा), मग एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मग फॉन्ट आणि सगळ्यात शेवटी ओन्लीऑफिस. शेवटचं पॅकेज बसताना स्वतःच डेटाबेसमध्ये शिरून आपली टेबलं तयार करतं. म्हणून डेटाबेस आधी तयार हवा. ‘आधी बसवू, डेटाबेसचं मग बघू’ हे इथे चालत नाही.

पोस्टग्रेस ॲप्टने (पॅकेज बसवणाऱ्या कमांडने) बसवा, एका ओळीचं काम. खरी मेख पुढच्या पायरीत आहे.

जुन्या मार्गदर्शकांत तीन ओळी असतात: डेटाबेस तयार करा, युजर तयार करा, त्या डेटाबेसवरचे सगळे हक्क युजरला द्या. मीही तेच केलं. पोस्टग्रेसने तिन्ही वेळा निमूटपणे होकार दिला. तरी ओन्लीऑफिस बसवल्यावर त्यातला एडिटर उघडेना. मी पासवर्ड बदलला, फायरवॉल बंद करून पाहिली, सगळं पुसून दोनदा नव्याने बसवलं. एक अख्खा रविवार त्यात गेला. शेवटी वैतागून इन्स्टॉलेशनचा मजकूर अगदी वरपर्यंत सरकवला, तेव्हा एक ओळ दिसली: ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’. ती पहिल्याच प्रयत्नातही असणार. मी दर वेळी फक्त शेवटच्या चार ओळी वाचत होतो.

झालं होतं असं. पोस्टग्रेसच्या १४व्या आवृत्तीपर्यंत कुठलाही युजर ‘पब्लिक’ स्कीमामध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आत टेबलं ठेवायच्या ठरलेल्या कप्प्यात, टेबल तयार करू शकायचा. २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीने ही मोकळीक काढून घेतली. आता तिथे टेबल तयार करण्याचा हक्क मुळात डेटाबेसच्या मालकाला. ‘सगळे हक्क’ दिले तरी ते डेटाबेसवरचे असतात, आतल्या स्कीमावरचे नव्हेत. वाड्याची किल्ली दिली, पण माजघराला कुलूप तसंच. उबुंटू २२.०४ मध्ये पोस्टग्रेस १४ येतं, त्यामुळे तिथे जुन्या तीन ओळी बिनबोभाट चालतात. डेबियन १२ मध्ये १५ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये १६. तिथे त्याच ओळी तोंडावर पाडतात. म्हणूनच एक जण ‘माझ्याकडे तर चाललं’ म्हणतो आणि दुसरा डोकं धरून बसतो. दोघंही खरंच बोलत असतात.

तेव्हा आधी युजर तयार करा आणि मग डेटाबेस तयार करताना त्याच ओळीत ‘ओनर’ म्हणून त्या युजरचं नाव द्या. हक्क देण्याची वेगळी ओळ लागतच नाही. नंतर पोस्टग्रेसमध्ये डेटाबेसांची यादी काढा आणि ‘ओनर’च्या रकान्यात तुमच्या युजरचं नाव दिसतंय याची खात्री करा. तिथे ‘पोस्टग्रेस’ दिसलं तर पुढे जाऊ नका.

आधीच फसला असाल तर सगळं पुसू नका. ‘ऑल्टर डेटाबेस’ने मालक बदला. मग पॅकेज अर्धवट राहिलं असेल तर डीपीकेजीला (ॲप्टच्या मागे प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला) राहिलेली मांडणी पूर्ण करायला सांगा. बसलेलं दिसत असूनही चालत नसेल तर त्याच पॅकेजवर ‘डीपीकेजी रीकॉन्फिगर’ चालवा. आणि ‘युजरला सुपरयुजर करून टाका’ हा सल्ला देणाऱ्याला तुमच्या सर्व्हरचा पासवर्ड कधीही देऊ नका.

रॅबिटएमक्यूचं एकच पथ्य: मशीनचं होस्टनेम आधी पक्कं करा आणि ते ‘होस्ट्स’ फाइलीत लिहिलेलं आहे ना, ते पाहा. हा गडी आपली ओळख होस्टनेमवरूनच ठरवतो. नाव त्याला सापडलं नाही तर तो सुरूच होत नाही. एनजिनएक्सबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त ८० नंबरच्या पोर्टवर आधीच अपाची हा दुसरा वेब सर्व्हर बसलेला नसावा.

आता फॉन्ट. मायक्रोसॉफ्टच्या मूळ फॉन्टचं पॅकेज उबुंटूत ‘मल्टिव्हर्स’मध्ये आणि डेबियनमध्ये ‘कॉन्ट्रिब’मध्ये मिळतं. ते बसताना कराराचा एक निळा पडदा येतो. तिथे एंटर बडवून काही होत नाही. टॅब दाबून ‘ओके’वर जायचं, मग एंटर. या फॉन्टांत देवनागरी नाही, त्यामुळे मराठीसाठी नोटो किंवा लोहित वेगळा घाला. त्यानंतर ओन्लीऑफिसची सर्व फॉन्टांची यादी नव्याने तयार करणारी स्क्रिप्ट चालवावी लागते आणि ब्राउझरची कॅशही पुसावी लागते. नवे फॉन्ट ‘दिसतच नाहीत’ अशी तक्रार आली की मी आधी कॅशचंच विचारतो.

मग ओन्लीऑफिसची पॅकेजचा खरेपणा तपासणारी किल्ली आणि रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडून पॅकेज बसवा. मध्येच डेटाबेसचा पासवर्ड विचारेल, तो मघाशी पोस्टग्रेसमध्ये दिलेलाच. ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे ‘हेल्थचेक’ लावून पान उघडा. कोऱ्या पानावर ‘ट्रू’ हा एवढाच शब्द आला की समजा, जमलं.

नुसता डॉक्युमेंट सर्व्हर फायली सांभाळत नाही, त्यासाठी नेक्स्टक्लाउडसारखं फायली ठेवणारं काहीतरी जोडावं लागतं. ओन्लीऑफिसच्या आवृत्ती ७.२ पासून जेडब्ल्यूटीची गुप्त किल्ली (या दोघांनी एकमेकांना ओळखायची खूण) आपोआप तयार होते. ती ‘लोकल’ नावाच्या जेसॉन फाइलीत असते. तिथून उचलून नेक्स्टक्लाउडच्या सेटिंगमध्ये चिकटवा, पण मागेपुढे मोकळी जागा येऊ देऊ नका. मग नवी फाइल उघडून ‘वऱ्हाड’, ‘लक्ष्मी’ आणि ‘उद्घाटन’ हे तीन शब्द टाइप करा आणि पीडीएफ काढून पाहा. पडद्यावर किंवा पीडीएफमध्ये चौकोन आले, तर फॉन्टची स्क्रिप्ट चालवायची राहिली नाही ना, ते आधी पाहा.