मनसर आधी, रामटेक मग: नागपूरहून एक दिवस कसा आखावा

नागपूरकर रामटेकला निघाला की थेट गडावर. मनसरला गाडी हळू होते ती फक्त वळणापुरती. तुम्ही उलटं करा.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मी एकदा मे महिन्यात सकाळी अकराला मनसरची टेकडी चढायला घेतली आणि अर्ध्यातून परत फिरलो. बाटलीतलं पाणी चहाइतकं तापलं होतं. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकची यात्रा भरते, गर्दी नको असेल तर तो दिवस टाळा.

सकाळी सहाला निघा. कामठी, कन्हान करत जबलपूर रोडनं मनसर साधारण ४५ किलोमीटर. रस्ता विचारताना नुसतं ‘कांद्री’ म्हणू नका, लोक कन्हानजवळची कांद्री दाखवतील. आपल्याला मँगनीज बघायला मनसरजवळची कांद्री माईन हवी.

हा सगळा पट्टा मँगनीजचा. १८९६ साली इथल्या खाणींसाठी ब्रिटिश सिंडिकेट उभं राहिलं. त्यातूनच पुढे, १९६२ मध्ये, आजची मॉईल ही सरकारी मँगनीज कंपनी आली. मनसरची खाण अजून चालू आहे, म्हणून परवानगीशिवाय आत शिरू नका, गेटवर गार्डाशी हुज्जतही नको. बाहेरून पुरेसं दिसतं.

निघताना घरातला फुटक्या टाइलचा तुकडा खिशात टाका. रस्त्याच्या कडेला सांडलेला मुठीएवढा काळा दगड उचला. मनगट एकदम खाली जातं. साध्या दगडाच्या जवळजवळ दीडपट वजन. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, काळी नाहीतर काळपट तपकिरी रेघ उमटली तर मँगनीज. दगडात तांबूस-तपकिरी गार्नेटचे बारीक दाणे असतील तर तो बहुधा गोंडाइट, म्हणजे गार्नेट आणि गारेचा मँगनीजवाला खडक. हे नाव फर्मोर या भूवैज्ञानिकानं गोंडांवरून ठेवलं आणि आता ते जगभर चालतं. बघून झालं की दगड तिथंच ठेवा.

ऊन चढण्याआधी मनसरची हिडिंबा टेकडी गाठा. वर सावली नाही. १९७२ साली इथं शिवाची एक देखणी मूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी उत्खनन सुरू झालं आणि विटांचं प्रचंड बांधकाम उघडं पडलं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. विटांवर चढू नका, कडेनं फिरा, खालचा तलाव बघा. तर्री पोहे त्यानंतर, हायवेवर.

रामटेक तिथून सहाएक किलोमीटर. गाडी वरपर्यंत जाते, पण पाय धड असतील तर अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी चढा. पिशवी घट्ट धरा. माझी संत्री वानरांनी तिसऱ्याच वळणावर नेली. गडावर राममंदिराकडे धावण्याआधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंहाच्या छोट्या मंदिरांत डोकवा. ती पाचव्या शतकातली, वाकाटकांची. एक पाय दुमडून, हातात चक्र घेऊन आरामात बसलेला नरसिंह दुसरीकडे सहसा दिसत नाही. तटावरून पश्चिमेला बघितलं की सकाळी फिरलो तो मनसरचा भाग दिसतो.

आणि प्रसादाला हात पुढे करण्याआधी बोटं धुवा. मनसरचा काळा रंग नखांत राहतो, पुजारी विचारतात.